"साहेब म्हणालेत, महिनाभरात सोडतो" : इचलकरंजीच्या दादांना उत्तर

दादा, तुम्ही लिहिलंय की सुताच्या व्यवहारात आलेल्या एका रकमेवरून केंद्राच्या तपास यंत्रणेनं तुमच्या फर्मचं करंट खातं गोठवलं, त्याला चार महिने झाले. आता तुमचं म्हणणं असं की सीबीआय, ईडी या यंत्रणा सुधारण्याच्या पलीकडे गेल्यात, बरखास्तच कराव्यात. बऱ्याच जणांनी त्याला होकार भरलाय. मला मात्र तुमच्या मजकुरातलं मधलंच एक वाक्य टोचलं. "साहेब म्हणालेत, महिनाभरात सोडतो, कोर्टात जाऊ नका."

हेच वाक्य ऐकून मी चौदा महिने घालवलेत. म्हणून आधी त्याबद्दल लिहितो, बरखास्तीचं नंतर. मी वकील नाही, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत करतो. माझं प्रकरण तुमच्यासारखंच असेल असं नाही, तेव्हा कागद वकिलाला दाखवल्याशिवाय माझ्या शब्दावर काही करू नका.

गुजरातच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडून गुळाचे पैसे आले, पण त्यानं ते स्वतःच्या खात्यातून न पाठवता दुसऱ्याच फर्मच्या खात्यातून पाठवले. हंगाम भरात होता, रोज लिलाव, रोज पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या पैशांच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या). पैसे जमा झाले एवढंच मी बघितलं. ते दुसरं खातं ठेवीदारांना बुडवलेल्या एका योजनेतलं निघालं. वादातली रक्कम अकरा लाख चाळीस हजार, गोठलं मात्र सगळं खातं. शेतकऱ्यांना द्यायचे पैसे त्यातच. कागलकडच्या एका गुऱ्हाळवाल्याच्या घरात लग्न होतं. त्याची पट्टी मी मेहुण्याकडून उसने आणून चुकती केली. बाकीच्यांसाठी घरातलं सोनं गहाण पडलं.

यंत्रणा कोणती आणि ऑफिस कुठल्या शहरातलं, ते लिहीत नाही. प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही. त्या ऑफिसात मी नऊ वेळा गेलो. खाली वहीत नाव लिहायचं, फोन जमा करायचा, बाकावर बसायचं. आत गेल्यावर कुणी आवाज चढवला नाही, कुणी पैसेही मागितले नाहीत. "तुमचा यात काही संबंध दिसत नाही, अर्ज द्या, बघतो." मी अर्ज द्यायचो, साहेब ड्रॉवरमध्ये ठेवायचे. एकानं जरी सरळ "नाही" म्हटलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी वकील गाठला असता. "बघतो" म्हणाले आणि मी त्यावर विश्वास ठेवला. दोन अधिकारी बदलून गेले. तिसऱ्यानं फाइल चाळली आणि सांगितलं, "तुमचा एकही अर्ज यात नाही."

नऊपैकी एकाही अर्जावर मी आवकचा शिक्का घेतला नव्हता. यार्डात हमालाला चिठ्ठीशिवाय पोतं उचलू न देणारा माणूस मी, आणि तिथं मला शिक्का मागायची भीती वाटली. साहेब नाराज होतील, काम अडेल, असं वाटलं. सगळ्यात महाग पडलं ते हेच.

नंतर वकिलांनी जे सांगितलं ते मला पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं. माझं खातं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली गोठवलं होतं. (१ जुलै २०२४ पासून त्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ आहे.) बँक खातं या कलमात बसतं, हे सुप्रीम कोर्टानं १९९९ सालीच महाराष्ट्राच्या एका खटल्यात ठरवलंय, तेव्हा "खातं गोठवताच येत नाही" असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. पण त्याच कलमात असंही आहे की जप्तीचा अहवाल विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडं गेला पाहिजे. आणि खातं सोडवायचा अर्जही तिथंच करायचा असतो, तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर नाही. पूर्वी त्यासाठी कलम ४५१ आणि ४५७ होती, आता ४९७ आणि ५०३ आहेत. आमच्या वकिलांनी अर्ज टाकला आणि सात आठवड्यांत आदेश आला: वादातली रक्कम बाजूला राखायची, मी बाँड लिहून द्यायचा, बाकी खातं मोकळं. चौदा महिने विनवण्या करून जे झालं नाही, ते सात आठवड्यांत झालं.

बँकेबद्दल एकच सांगतो. खातं कुठल्या कलमाखाली आणि कुणाच्या पत्रावरून गोठवलं, त्या पत्राची प्रत लेखी मागा. "वरून आलंय" हे उत्तर नव्हे.

आता, बँकेला आलेल्या त्या पत्रात मनी लाँडरिंग कायद्याचा उल्लेख असेल, म्हणजे ईडी असेल, तर वरचं सगळं तसंच लागू होत नाही. तिथं दंडाधिकाऱ्यांऐवजी दिल्लीतलं न्यायनिर्णय प्राधिकरण येतं, म्हणजे ईडीनं आणलेली टाच टिकवायची की नाही ते ठरवणारं. खातं गोठवल्यावर ३० दिवसांत यंत्रणेला त्यांच्याकडं अर्ज करावा लागतो. मालमत्तेवर तात्पुरती टाच आणली असेल तर ती १८० दिवसांत कायम झाली नाही की संपते. तुम्हाला नोटीस आली तर उत्तराला किमान ३० दिवस मिळतात, आणि निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला ४५ दिवस. साहेब कितीही गोड बोलले तरी हे दिवस थांबत नाहीत. पत्रातल्या तारखा आजच कॅलेंडरवर लिहा.

आता बरखास्तीचं. मला राग नाही असं समजू नका. पण मी बरखास्तीच्या बाजूनं नाही.

ज्या योजनेमुळं माझं खातं अडकलं, तिच्यात बुडालेले लोकही आपल्यासारखेच होते, कुणाची पेन्शन, कुणाची ग्रॅच्युइटी. पैसा एका राज्यातून निघून दुसऱ्यात वळला आणि तिसऱ्याच फर्मच्या नावानं कोल्हापुरात गुळाच्या बिलात आला. शाहूपुरी पोलीस ठाण्याचा हवालदार तो माग कुठवर काढणार? ईडी बंद केली तरी ते काम कुणाला तरी करावंच लागेल, आणि जो करेल त्याच्याकडं हेच अधिकार जातील. पाटी तेवढी बदलेल.

आपल्या कोल्हापूरनं तर हे फार जवळून बघितलंय. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेलेल्या पानसरे अण्णांवर (कॉम्रेड गोविंद पानसरे) गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. तो तपास राज्याच्या विशेष पथकाकडं होता, २०२२ मध्ये हायकोर्टानं तो एटीएसकडं, म्हणजे राज्याच्याच दहशतवादविरोधी पथकाकडं दिला. अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर यांचा खून २०१३ चा, तो तपास २०१४ मध्ये सीबीआयकडं गेला. मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले, सूत्रधार कोण ते पुढं आलं नाही. आणि या खुनांचा मोठा धागा हाती लागला तो २०१८ साली, कर्नाटकच्या पथकानं पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाचा तपास केल्यावर. म्हणजे केंद्राची यंत्रणा आली की सगळं सुटतं हे खरं नाही, आणि राज्याचं पथक कमीच पडतं हेही खरं नाही. राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या गुन्ह्याला सीमा ओलांडणारा तपास लागतो, एवढं मात्र मी यातून शिकलो.

मग बिघडलंय कुठं? सीबीआयला स्वतःचा कायदाच नाही. १ एप्रिल १९६३ च्या एका सरकारी ठरावानं ती उभी राहिली आणि अधिकार घेते १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यातून. २०१३ मध्ये गुवाहाटी हायकोर्टानं तिची स्थापनाच बेकायदा ठरवली, तीन दिवसांत सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली, आणि संसदेनं अजून नीट कायदा केलेला नाही. राज्यात तपासाला राज्याची संमती लागते. महाराष्ट्रानं ती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली, सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. गुन्हेगार तोच, कायदा तोच, सरकार बदललं की दार उघडतं नाहीतर बंद होतं. याला मी व्यवस्था म्हणणार नाही.

ईडीचं उलटं, तिथं अधिकारच दांडगे. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या निकालानुसार ईडीनं केलेली गुन्ह्याची अंतर्गत नोंद आरोपीला देणं बंधनकारक नाही. अटकेची कारणं लेखी द्यावीत, हे सांगायला २०२३ साली सुप्रीम कोर्ट लागलं. मार्च २०२५ मध्ये सरकारनंच राज्यसभेत सांगितलं की दहा वर्षांत राजकारण्यांवर १९३ प्रकरणं झाली आणि शिक्षा दोनमध्ये. हा आकडा मला सोयीचा आहे म्हणून देत नाही, कुठल्याही पक्षाचा माणूस असला तरी वर्षानुवर्षं लटकलेला खटला हीच शिक्षा होऊन बसते. व्यापाऱ्याचं तर खातं गोठलं की निकालाच्या आधीच धंदा जातो.

मला विचाराल तर पहिली सुधारणा अगदी छोटी असावी. जो कागद द्याल त्याची पोच मिळालीच पाहिजे, आणि ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर, होय किंवा नाही. वादाची रक्कम अकरा लाख असेल तर अकरा लाखच गोठवा. संचालक कोण नेमतो यावर टीव्हीवर रोज भांडण होतं, ते महत्त्वाचं आहेच, पण माझं घर बुडत होतं ते एका ड्रॉवरमुळं. दुसरी सुधारणा अंतराची. आमचं प्रकरण सुरू होतं तेव्हा हायकोर्ट म्हणजे मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच भाऊसिंगजी रोडवर हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, त्यामागं इथल्या वकिलांचा कित्येक वर्षांचा लढा आहे. तसंच न्यायनिर्णय प्राधिकरणाचं बेंच इकडं बसायला काय हरकत आहे? सुतवाल्यानं दिल्लीला किती खेपा मारायच्या?

तुमच्याकडं सध्या काय असावं ते सांगतो: बँकेकडून पत्राची प्रत, त्या रकमेचं बिल, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची पावती, जीएसटीची नोंद. माल खरोखर गेला हे कागदावर दिसलं की अर्धं काम होतं. साहेबांना भेटायला परत जाणार असाल तर अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर वाद घालू नका, बाहेर येऊन तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. आणि वकील फौजदारीचा बघा, टॅक्सचा चालत नाही, तिथं माझे दोन महिने गेले.

पत्रात कलम कोणतं लिहिलंय तेवढं इथं कळवा, खाते क्रमांक वगैरे झाकून. त्यावरच ठरेल की दंडाधिकारी की दिल्ली.