एका कुटुंबाने चालवलेला छोटा वृद्धाश्रम आईसाठी ठीक आहे का, की मोठी संस्थाच बघावी?

छोटा चालेल, फक्त रात्री तिथे कोण जागं असतं हे आधी विचारा. मी अशा ठिकाणी नर्स म्हणून काम केलंय, छोट्या आश्रमात सांभाळणारी माणसं रोज तीच असतात, त्यामुळे आजी आज नेहमीपेक्षा कमी जेवल्या किंवा गप्प गप्प आहेत हे लगेच लक्षात येतं आणि म्हाताऱ्या माणसात इन्फेक्शनची सुरुवात बऱ्याचदा अशीच दिसते, ताप नंतर येतो किंवा येतच नाही. अडचण अशी की सगळा भार घरातल्या दोघा-तिघांवर असतो, ते आजारी पडले तर बदली कोण? हे स्पष्ट विचाराच, आणि औषध दिल्याची नोंद त्या त्या वेळी लिहितात का तेही वही उघडून बघा. न सांगता संध्याकाळी एक चक्कर मारा, दुपारी सगळीकडे छानच दिसतं. पण आई अंथरुणाला खिळलेली असेल तर साधारण दर 2 तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात, तेव्हा रात्रपाळीला वेगळा माणूस नसेल तर तिथे ठेवू नका, घरचे कितीही प्रेमळ असले तरी.