आधी टेकू, मग खांब

मुली, अनेक आशीर्वाद.

महापालिकेबद्दल ‘सगळं पाडून नव्यानं बांधायला हवं’ असं तू लिहिलंस. तुझा राग रास्त आहे. माझी नोकरी जुन्या सरकारी इमारतींच्या दुरुस्तीत गेली, म्हणून त्यातलंच सांगतो.

उमेदवारीच्या काळात एका कचेरीच्या ओल्या भिंतीला मी सिमेंटचा गिलावा करवून घेतला. भक्कम काम केलं असं वाटलं. तिसऱ्या पावसाळ्यात तो सुटून पडला, आणि मागच्या विटेचा नखानंही भुगा होत होता. चुन्याची भिंत ओल शोषते तशी बाहेरही टाकते. सिमेंटनं ती वाट बुजवली, ओल आत कोंडली आणि क्षारांनी वीट खाल्ली. पाणी खरं तर फुटक्या पन्हळीतून मुरत होतं. मी मान वर करून पाहिलंच नव्हतं. ती भिंत अजून डोळ्यांसमोर येते.

तुझ्या क्षेत्रीय कार्यालयातली ओल कुठून येते ते आधी शोध. फाइल कुठल्या टेबलावर थांबते, कुणाच्या सहीसाठी? टेबल तेच ठेवून नुसता साहेब बदलला, तर तो माझा गिलावाच झाला.

लाकडी खांबाला हात लावण्याआधी आम्ही तुळईला टेकू देतो. भार टेकूवर आला की मगच कुजकं लाकूड कापायचं. पुष्कळदा तळखड्यालगतचं, म्हणजे खांबाखालच्या दगडाजवळचं, हातभरच कुजलेलं निघतं, वरचा सागवान ठणठणीत असतो. कचेरीतही मन लावून काम करणारे जुने कारकून असतात, त्यांना धरून राहा. दुरुस्ती चालू असताना जन्मदाखल्याची खिडकी एक दिवसही बंद पडता कामा नये.

आता लोकांच्या हातभाराचं एक उदाहरण. पुण्यातला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा. 1821 मध्ये तिथं संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे नगरपालिकेचा कारभारही तिथून चालला. 1879 च्या आगीत पूर्वेकडची बाजू जळाली, ती लोकवर्गणीच्या मदतीनं पुन्हा उभी राहिली. माझ्या मते पेशव्याचा वाडा त्या वर्गणीनं पुणेकरांचा झाला. तशी वर्गणी तुलाही गोळा करता येईल, पैशांची नव्हे, सूचनांची. महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची पद्धत पुण्यात 2006 पासून आहे. गल्लीतल्या दहा घरांकडून अर्ज भरून घे. काम लहानच सुचव, पदपथाचं किंवा दिव्याचं, पण ते पुरं होईपर्यंत पिच्छा सोडू नकोस.

रविवारी सकाळी वाड्यापाशी ये. खांब ठोकून आतला पोकळ आवाज कसा ओळखायचा ते दाखवतो. येताना तुझ्या प्रभागाचं अंदाजपत्रक आण, तेही तसंच वाचू.