सरकारी रुग्णालयात न्यूरोलॉजिस्टला मेंदूची ऑपरेशनं करावी लागतात का?

नाही, ऑपरेशन हे न्यूरोसर्जनचं काम. न्यूरोलॉजिस्ट तपासतो, निदान करतो आणि औषधोपचार करतो. शिक्षणाची वाटही वेगळी: एमबीबीएसनंतर 3 वर्षं एमडी (मेडिसिन किंवा बालरोग) आणि मग 3 वर्षं डीएम (न्यूरोलॉजीतली पुढची पदवी). मी सरकारी मेडिकल कॉलेजात हेच काम करतो. ओपीडीत गर्दी फिट, अर्धांगवायू आणि डोकेदुखीची. फिटच्या बाबतीत नातेवाइकांनी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ कित्येकदा एमआरआयपेक्षा जास्त सांगून जातो. खरी धावपळ कॅज्युअल्टीत. तोंड वाकडं झालेला पेशंट आला की पहिला प्रश्न, "हे शेवटचे नीट कधी बोलले?" कारण अर्धांगवायूत मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. बरेच जण आधी दोन दवाखाने फिरून येतात, वेळ तिथेच जातो. मात्र हे चित्र मेडिकल कॉलेजातलं; जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये बहुधा फिजिशियनच हे पेशंट पाहतात आणि गरज पडली तर पुढे पाठवतात.