‘भारती’ची ‘मारती’ होऊ नये म्हणून

प्रश्न : काका, मी चांदीच्या पट्ट्या आणि किचेन बनवते. त्यावर हाताने नावे कोरायला घरीच शिकते आहे. सरळ रेघ जमते, पण ‘ल’, ‘श’ असले वळणाचे अक्षर आले की कोरणी सटकते आणि पत्र्यावर लांब ओरखडा जातो. वळणाची बाहेरची कडही खरबरीत दिसते. माझा हातच स्थिर नाही का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, हाताला बोल लावू नका. काळबादेवीच्या एका पोटमाळ्यावर नावे कोरण्यात माझा जन्म गेला. तिथे शिकायला आलेला प्रत्येक पोरगा हेच म्हणायचा आणि प्रत्येकाची कोरणी बोथट निघायची. आधी टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून पुढे ढकलून बघा. रुतले तर धार आहे, घसरले तर नाही. मग तेच टोक दिव्याखाली भिंगातून पाहा. पांढरा ठिपका चमकला तर टोक गेले. धारदार टोकावर उजेडाला थांबायला जागा नसते.

खरबरीत कड मात्र टाचेची करणी. कोरणीचे तोंड आपण साधारण ४५ अंशांत घासतो. त्याखेरीज टोकाशी, खालच्या अंगाला, १५ ते २० अंशांचे दोन बारीक पैलू काढतात. त्याला मी टाच म्हणतो. टाचेमुळे मूठ पत्र्यापासून वर राहते आणि टोक नेमके तेवढेच खाली उतरते. नवशिके टाच लांबच लांब घासतात. सरळ रेघेत ते खपून जाते. वळणावर मात्र तीच लांब टाच चराच्या, म्हणजे कोरलेल्या खाचेच्या, बाहेरच्या भिंतीला घासत जाते आणि कड फाडते. टाच अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवा. तेलदगडावर घासून झाले की पुठ्ठ्यावर हिऱ्याची पेस्ट लावून तिला आरशासारखी करा. टाचेवर जितकी चकाकी तितकीच चरात उतरते, नंतर कितीही पॉलिश मारा.

आता वळण. तुम्ही बहुधा हात फिरवता आहात. हात फिरवायचाच नाही, काम, म्हणजे कोरायची पट्टी, फिरवायचे. उजवा हात जवळजवळ जागच्या जागी, अंगठा पत्र्यावर टेकलेला, तोच ब्रेक. डावा हात काम कोरणीच्या तोंडात घालत राहतो. गोळ्याचा शिकंजा, म्हणजे काम पकडून हवे तसे फिरणारी पकड, महाग पडतो. मी कित्येक वर्षे लाकडी ठोकळ्यावर लाखेने पट्टी चिकटवून, खाली वाळू भरलेली चामड्याची उशी घेऊन काम केले. डाव्या हाताची बोटे कोरणीच्या वाटेत कधीही येऊ देऊ नका. माझ्या तर्जनीवर अजून खूण आहे.

तुमची चांदी ९९९, म्हणजे जवळजवळ शुद्ध, असेल तर ती मऊ आणि चिकट लागेल, कीस टोकाला धरून बसेल. ९२५, म्हणजे थोडी मिसळ असलेली, बरी. शिलाई मशीनच्या तेलात टोक बुडवत चला. सराव मात्र चांदीवर नको. मुंबईच्या तांबाकाट्यावरून १ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा आणा आणि महिनाभर फक्त अर्धगोल कोरा.

आणखी एक, न विचारलेले. शिरोरेषा शेवटी कोरा. १९९१ साली एका लग्नाच्या चांदीच्या ताटावर मला ‘चि. सौ. कां. भारती’ कोरायचे होते. मी आधी चपट्या कोरणीने या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध रेघ मारली आणि वर शाबासकीही घेतली. ‘भ’च्या डाव्या अंगाला रेघ तुटलेली असते, ती मी भरून टाकली. ताट मांडवात पोचले तेव्हा सून ‘मारती’ झाली होती. चर बुजवता येत नाही. त्या ताटाची घडणावळ मालकाने दोन महिने माझ्या पगारातून कापली. ‘ध’चा ‘घ’ आणि ‘थ’चा ‘य’ असाच होतो. तेव्हापासून मी आधी उभ्या काठ्या आणि पोटे कोरतो आणि मग शिरोरेषा, तीही अक्षरागणिक. काठ्यांची वरची टोके थोडी वरखाली झाली असली तरी तिच्याखाली झाकली जातात.

प्रश्न : २२ कॅरेटच्या अंगठीत आतून पाच अक्षरी नाव कोरून घ्यायचे आहे. घरचे म्हणतात, सोने जाईल. किती जाते? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : हिशेबच करू. दोन मिलिमीटर उंचीच्या पाच अक्षरांत मिळून सुमारे ४० मिलिमीटर रेघ भरते. चर वर ०.२ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर खोल, खाली निमुळता. म्हणजे ०.४ घनमिलिमीटर सोने. २२ कॅरेटचे एक घनमिलिमीटर सोने पावणेअठरा मिलिग्रॅमच्या आसपास भरते, तेव्हा जाणार ७ मिलिग्रॅम. तेवढे सोनाराच्या दुकानातली धूळ चाळून सोने वेचणाऱ्या झारेकऱ्यालाही पुरायचे नाही. अंगठी पोकळ किंवा मुलामा दिलेली असेल तर मात्र कोरू नका, खालचा धातू उघडा पडेल. आणि कोरणाऱ्याला आतला हॉलमार्क आधीच दाखवून ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असावा लागतो. तो इतका बारीक असतो की भिंगाशिवाय ओरखडाच वाटतो, आणि नाव नेमके त्याच्यावर चढते.