दोन एकरांत घर चालेल का?

प्रश्न : आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात असून माझे बालपण व शिक्षण ठाण्यात झाले. वडिलांच्या पश्चात सुमारे दोन एकर जमीन माझ्या वाट्याला येत असून तिच्यात थोडी भातखाचरे आणि उरलेली वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन आहे. मी, पत्नी, आई आणि दोन शाळकरी मुले असे सर्वांनी गावी राहून शेती करावी, असे मनात आहे. सगळी जमीन हापूसखाली आणावी, असे अनेकजण सुचवतात. त्यावर घर चालेल का, आणि सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिली पाच-सहा वर्षे केवळ या शेतीवर घर चालणार नाही, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा, म्हणजे घरातील एकाची नोकरी किंवा गावातच करता येईल असा दुसरा व्यवसाय या काळात सुरू राहिला पाहिजे. हापूसची कलमे दहा मीटर अंतरावर लावली, तर एकरी साधारण 40 झाडे बसतात. पाचव्या-सहाव्या वर्षी फळ दिसू लागले तरी पोटापुरते उत्पन्न मिळायला आणखी काही वर्षे जातात, आणि त्यानंतरही एका आड एक वर्ष कमी फळ धरण्याची हापूसची सवय राहतेच. शिवाय मोहोराच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला किंवा तुडतुड्यांचा उपद्रव वाढला, तर फवारणीचा खर्च होऊन बसतो आणि पेट्या कमी भरतात. म्हणून सगळी जमीन एकाच झाडाला देण्याचा सल्ला मला मान्य नाही. जेवढा हापूस लावाल, त्यातही दहा झाडांमागे एखादे केसर किंवा रत्ना लावावे, कारण केवळ हापूसच्या बागेत परागीकरण नीट होत नाही व फळधारणा घटते.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु जांभ्या दगडाच्या जमिनीत तो टिकत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच गावांत टँकरची वाट पाहावी लागते. कलमांना पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते. त्यामुळे खड्डे खणण्याआधी एक पूर्ण वर्ष जमिनीकडे लक्ष ठेवावे : पावसाळ्यात पाणी कोठून उतरते, शेजारच्या विहिरीचा तळ कधी दिसतो, आणि पऱ्ह्याला, म्हणजे लहान ओढ्याला, दिवाळीनंतर किती दिवस धार असते, याची नोंद करावी. पऱ्ह्यावर मातीने भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचा वनराई बंधारा गावकऱ्यांच्या मदतीने थोडक्या खर्चात होतो आणि त्याचा उपयोग शेजाऱ्यांनाही होतो, ही गोष्ट गावात नव्याने राहायला येणाऱ्या कुटुंबासाठी लहान नाही.

या वर्षात भातखाचरे मात्र पडीक ठेवू नयेत. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ व पावटा घ्यावा आणि पाणी पुरेल तेवढ्याच वाफ्यांत भाजी लावावी. वरकस जमिनीत काजूची वेंगुर्ला जातीची कलमे तिसऱ्या वर्षापासून थोडे बी देऊ लागतात आणि त्यांना आंब्याएवढी फवारणी लागत नाही. बांधावर कोकमाची झाडे धरावीत. वानर आणि रानडुकरे यांच्यापासून राखण करणे हे आज कोकणातील शेतकऱ्याचे सर्वांत थकवणारे काम आहे. मजूर सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी दोन एकरांतील उत्पन्नातून त्यांची मजुरी सुटत नाही, म्हणून घरातील माणसांच्या हातांना झेपेल तेवढीच लागवड दरवर्षी वाढवावी.

मोबदला पहिल्या वर्षापासून मिळतो, फक्त तो बँकेच्या पुस्तकात दिसत नाही. घरचा तांदूळ, कडधान्य, भाजी, गावठी कोंबड्यांची अंडी यांमुळे बाजाराचा खर्च बराच उतरतो. आपल्या आईंनी पूर्वी शेती केली असेल, तर तरवा (भाताची रोपे) कधी टाकायचा आणि बियाणे कसे राखायचे हे त्यांच्याकडून शिकता येईल, आणि शहरात रिकाम्या वाटणाऱ्या त्यांच्या दिवसांना पुन्हा काम मिळेल. मुलांना आई-वडिलांचे कष्ट रोज डोळ्यांसमोर दिसतात, याचे मोल मी फार मोठे मानतो.

कागदपत्रांचे काम मात्र लागवडीच्या आधी संपवावे. वारसनोंद झाली तरी सातबारा सामाईक असेल, तर फळबागेच्या सरकारी योजनांसाठी इतर सहहिस्सेदारांची संमती लागते, आणि मुंबई-पुण्यात विखुरलेल्या भावकीच्या सह्या गोळा करण्यात अख्खा हंगाम निघून जातो. सर्वांची संमती असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 अन्वये तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. हिस्सा आपल्या नावावर आल्यावर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पत्नीचे नावही सातबाऱ्यावर लावून घ्यावे. निम्मी शेती त्याच करणार आहेत, आणि पुढे कर्ज किंवा अनुदान घेताना त्यांना स्वतःच्या हक्काने अर्ज करता यायला हवा.