'पार्क्स अँड रिक्रिएशन'चे चार भाग पाहिले, अजिबात हसू आलं नाही. सगळे म्हणतात 'पुढे मस्त होते'. बघत राहू की सोडून देऊ?

पहिला सीझन इथेच सोडा, मालिका मात्र एवढ्यात सोडू नका. थेट दुसऱ्या सीझनवर उडी मारा. त्यात 'हंटिंग ट्रिप' नावाचा दहावा भाग आहे. तिथवर पोचूनही ढिम्म हसू आलं नाही, तर खुशाल बंद करा आणि परत 'पुढे मस्त होते' म्हणणाऱ्याचा फोन उचलू नका.

ते वाक्य मला स्वतःलाही संशयास्पदच वाटतं. सात सीझन पाहून बसलेला माणूस दुसरं काय म्हणणार? शिवाय त्याच्या डोक्यात सगळी पात्रं आता घरच्यासारखी झालेली असतात, त्यामुळे सुरुवातीचे भाग परत पाहताना त्याला तिथेही हसू येतं. तुम्हाला ती ओळख नाही. म्हणून कुणी असं म्हणालं की मी एकच विचारतो: पुढे नेमकं काय बदलतं? सांगता आलं तर ऐकायचं. 'अरे बघ ना, कळेल तुला' एवढंच उत्तर आलं तर नमस्कार. 'पार्क्स'मध्ये काय बदललं ते सांगता येतं, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

मालिका अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर सुरू झाली 9 एप्रिल 2009 ला. ग्रेग डॅनियल्स आणि मायकल शूर हे तिचे कर्ते, दोघंही 'द ऑफिस'च्या अमेरिकी आवृत्तीतून आलेले. वाहिनीला 'द ऑफिस'मधूनच फुटलेली एखादी मालिका हवी होती. ती बारगळली, पण सावली राहिलीच. हलता कॅमेरा तोच, मधेच कॅमेऱ्याकडे वळून बोलणारी माणसं तशीच, आणि मध्यभागी आपण किती हास्यास्पद आहोत याचा पत्ताच नसलेली एक अतिउत्साही व्यक्ती. तिकडे ऑफिसचा साहेब मायकल स्कॉट, इकडे लेस्ली नोप.

पहिल्या भागाची सुरुवात आठवून बघा. इंडियाना राज्यातलं पॉनी नावाचं काल्पनिक गाव. उद्यान विभागाची उपसंचालक लेस्ली खेळाच्या मैदानात छोट्या मुलांना गंभीरपणे सर्वेक्षणाचे प्रश्न विचारते आहे. घसरगुंडीत एक दारुडा अडकलाय, तर ही त्याला झाडूच्या दांड्यानं ढोसून बाहेर काढते. आणि त्याच दमात सरकारी सेवेबद्दल मोठमोठं बोलते. प्रसंग वाईट लिहिलेला नाही. पण विनोदाचा रोख बघा: बाई किती छोटं काम करते आणि स्वतःला किती मोठी समजते. तिचे सहकारी बघा: टॉम तिच्या पाठीमागे खुदकन हसतो, मार्क कीव करतो, कॅमेरा डोळा मारतो. आणि आपल्याला त्यांच्या बाजूनं हसायला बोलावलं जातं.

घोडं इथेच अडतं. मायकल स्कॉट साहेब आहे, हाताखालच्यांचा वेळ खातो, त्यांना छळतो, त्यामुळे त्याची फजिती झाली की बरं वाटतं. लेस्लीनं कुणाचं काय वाकडं केलंय? अ‍ॅन नावाची एक नर्स नागरिकांच्या बैठकीत येऊन सांगते की घराशेजारच्या खड्ड्यात पडून माझ्या मित्राचे पाय मोडले. लेस्ली तिथल्या तिथे शब्द देते, खड्डा बुजवून बाग करते म्हणून. आपल्याकडे कुठल्या कार्यालयात असं कुणी भेटलं तर आपण पेढे वाटू. अशा बाईला हसायचं कसं? मग हसू घशातच अडकतं. तुमची विनोदबुद्धी ठणठणीत आहे, तक्रार रास्त आहे.

हे कर्त्यांच्याही लक्षात आलं. शूरनं नंतर मुलाखतींतून सांगितलंय की लोकांना लेस्ली बावळट वाटत होती, तशी ती वाटावी असा हेतू नव्हता. गंमत अशी की त्यांनी लेस्ली फारशी बदललीच नाही. बदलली ती तिच्याकडे बघणाऱ्यांची नजर. दुसऱ्या सीझनपासून सहकारी तिच्या उत्साहाला वैतागतात, पण ती कामात पक्की आहे हे त्यांना ठाऊक असतं. त्या सीझनचा पहिलाच भाग घ्या. प्राणिसंग्रहालयाची जाहिरात म्हणून लेस्ली दोन पेंग्विनांचं लग्न लावते. नंतर कळतं की दोघेही नर. गावात गदारोळ. एकीकडे समलिंगी मंडळी तिला डोक्यावर घेतात, दुसरीकडे संस्कृतीरक्षक राजीनामा मागतात. विनोद आता गावावर होतो, लेस्ली मधे उभी राहून ठाम असते. एवढ्या एका बदलानं हवाच पालटते.

आणि तो 'हंटिंग ट्रिप'. ऑफिसची पुरुषमंडळी दरवर्षी शिकारीला जातात, यंदा लेस्ली हट्टानं सोबत येते. तिथे कुणीतरी झाडलेले छर्रे चुकून साहेबांच्या, म्हणजे रॉन स्वॉन्सनच्या डोक्याला मागून लागतात. खरा दोषी टॉम, पण त्याच्याकडे परवाना नाही, म्हणून लेस्ली गुन्हा स्वतःवर घेते. चौकशीला आलेला वनरक्षक 'बायकांना काय कळतंय बंदुकीतलं' या थाटाचा. लेस्लीला हे दिसतं आणि ती त्याला त्याच्याच कल्पनेतली बाई होऊन दाखवते. एकामागून एक बायकी सबबी, प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त अचाट, चेहरा मात्र निष्पाप, आणि तो गडी सगळं गंभीरपणे ऐकून घेतोय. लेस्ली साकारणारी एमी पोलर काय चीज आहे ते इथे कळतं. पहिल्या सीझनमधली लेस्ली हे करूच शकली नसती, कारण समोरचा आपल्याला मूर्ख समजतोय हे तिला तेव्हा दिसतच नव्हतं.

दुसरा मोठा बदल अँडीचा. खड्ड्यात पडलेला तो मित्र म्हणजे ख्रिस प्रॅट, पुढे सिनेमातला मोठा नट झाला तोच. त्याला घेतलं होतं पाहुणा म्हणून, पहिल्या सीझनपुरतं. प्लास्टर लावून सोफ्यावर लोळणारा, अ‍ॅनला राबवून घेणारा ऐतखाऊ, एवढंच त्याचं काम. पण पोरगा इतका गमतीशीर निघाला की त्याला कायमचं घेतलं, आणि मग त्याच्या ऐतखाऊपणातला दुष्टपणा काढून नुसता भाबडेपणा ठेवला. अ‍ॅननं हाकलल्यावर तो त्याच खड्ड्यात तंबू ठोकून राहतो. पुढे काय होतं ते सांगत नाही. उलट मार्क बघा: सगळ्यात समजूतदार, म्हणून सगळ्यात बेचव. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो मालिकेतून गेला तो गेलाच. त्याच सुमारास अ‍ॅडम स्कॉट (मालिकेतला बेन) आणि रॉब लो हे नट आले, आणि 2011 च्या जानेवारीत सुरू झालेल्या तिसऱ्या सीझनपासून लोक जिची आठवण काढतात ती मालिका खऱ्या अर्थानं उभी राहिली. त्या सीझनचा दुसरा भाग, 'फ्लू सीझन', माझ्या मते त्यातला कळस. लेस्ली तापानं फणफणली आहे, भिंतीनं आणि जमिनीनं जागा बदलली असं तिला वाटतंय. तशात ती गावातल्या व्यापाऱ्यांसमोर उभी राहते आणि मेळाव्याचा प्रस्ताव असा काही मांडते की शेजारी उभा बेन बघतच राहतो. त्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य तेच आपल्या चेहऱ्यावर असतं.

असं संथ सुरू होण्यामागे त्या काळच्या अमेरिकी टीव्हीची कामाची पद्धत आहे. पायलट, म्हणजे मालिकेचा पहिला नमुना भाग, लिहिताना नट कोण हे बहुतेकदा ठरलेलं नसतं. मग वर्षाला बावीस-चोवीस भाग, आणि चित्रीकरण, लेखन, प्रक्षेपण सगळं एकाच वेळी चालू. सप्टेंबरात दाखवलेला भाग लोकांना कसा वाटला ते बघून लेखकांची टोळी पुढच्या महिन्यांतले भाग लिहिते. कुठल्या नटाच्या तोंडी काय शोभतं, कोणती जोडी समोरासमोर आली की मजा येते, हे त्यांना करता करता कळतं. 'पार्क्स'चा पहिला सीझन सहाच भागांचा. त्यात शिकून सुधारायला वाव कुठे होता? दुसरा चोवीस भागांचा, तिथे तो मिळाला. 'द ऑफिस'चंही अगदी असंच: 2005 चा पहिला सीझन सहा भागांचा, आणि पहिल्या भागाची संहिता तर ब्रिटिश मूळावरून जवळपास जशीच्या तशी उचललेली. 'साइनफेल्ड'च्या 1989 मधल्या पायलटमध्ये तर मुख्य पात्रांपैकी एक असलेली एलेनच नाही!

ब्रिटिशांचं एक उदाहरण याहून मजेशीर. बीबीसीचं 'ब्लॅकअ‍ॅडर'. 1983 च्या पहिल्या मालिकेत (तिकडे सीझनलाच मालिका म्हणतात) रोवन अ‍ॅटकिन्सनचा एडमंड हा शेळपट, मूर्ख राजपुत्र, आणि त्याचा नोकर बॉल्ड्रिक त्यातल्या त्यात शहाणा. दुसरी आली 1986 मध्ये. अ‍ॅटकिन्सन लेखनातून बाहेर पडला, रिचर्ड कर्टिसच्या जोडीला बेन एल्टन आला, खर्च वाचवायला बाहेरचं चित्रीकरण जवळपास बंद करून सगळं स्टुडिओत आणलं, आणि मुख्य म्हणजे अकलेची अदलाबदल केली: एडमंड कावेबाज, बॉल्ड्रिक बिनडोक. तिथून ती मालिका जी सुटली ती सुटलीच. प्रत्येक मालिकेत शतकच वेगळं असल्यामुळे पहिली गाळली तरी काही अडत नाही. मी तर नव्या माणसाला दुसरीपासूनच सुरू करायला सांगतो.

मात्र ही सवलत सरसकट देऊ नका. हल्लीच्या स्ट्रीमिंगवरच्या विनोदी मालिका आठ-दहा भागांच्या, बहुतेकदा सगळ्या लिहून-चित्रित करून झाल्यावरच बाहेर येतात. मधे प्रेक्षक काय म्हणतोय ते ऐकून सुधारण्याची सोय नाही. तिथे संथ सुरुवात म्हणजे कुणीतरी बसून ठरवलेली गोष्ट. ती दोन भागांत पटली नाही तर मी पुढे जात नाही, चौथ्यात पटण्याचं काही कारण नसतं.

अजून एक गल्लत नेहमी होते. लोकांना उशिरा आवडलेली मालिका आणि उशिरा जमलेली मालिका एक नव्हेत. 'चिअर्स' 1982 मध्ये सुरू झाली तेव्हा प्रेक्षकसंख्येच्या यादीत पार तळाशी होती, पण मालिका पहिल्या भागापासून उत्तम होती. आपल्याकडे 'साराभाई व्हर्सेस साराभाई' तशीच. 2004 ला आली तेव्हा टीआरपी यथातथाच, डोक्यावर घेतली ती नंतर. तिचा पहिला भाग आज लावा, त्यातली सासू माया पहिल्या दृश्यापासून माया आहे. अशा मालिकेचे चार भाग पाहून हसू आलं नाही तर पाचव्यातही येणार नाही. तुमची आवड वेगळी, विषय संपला.

तुमच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट विचारेन. त्या चार भागांत कोपऱ्यातलं एखादं पात्र पुन्हा कधी येतंय याची वाट पाहिलीत का? मला ते रॉननं करायला लावलं. सरकारी खात्याचा प्रमुख, आणि मत काय, तर सरकार म्हणजे पैशाची नासाडी, बागा खासगी कंपन्यांना देऊन टाका. खुर्चीत बसून काम न करणं हेच त्याचं देशकार्य. तो किंवा तोंड वाकडं करून बसणारी एप्रिल, यातलं कुणी थोडं जरी आवडलं असेल तर पुढचा माल तिथेच आहे. कुणीच नसेल आवडलं, तर आशा कमी. आणि हलत्या कॅमेऱ्याचाच किंवा मधेच कॅमेऱ्याशी बोलण्याचाच त्रास होत असेल तर ते शेवटपर्यंत तसंच राहतं, सातव्या सीझनपर्यंत.

बाकी दोन बारीकसारीक गोष्टी. सबटायटल्स लावा, निम्मे विनोद पुटपुटण्यात आहेत. आणि सलग चार भाग एका बैठकीत बघू नका. बावीस मिनिटांचा ऐवज आठवड्यातून एकदा दाखवायला बनवलेला आहे, सलग पाहिला की तेच तेच वाटायला लागतं. जेवताना एक, फार तर दोन. घरात कुणी हाउसिंग सोसायटीच्या कमिटीवर असेल तर त्यांना आवर्जून सोबत बसवा. पॉनीच्या जनसुनावणीत पुढे कधीतरी एक नागरिक उठून तक्रार करतो की मला तुमच्या बागेत सँडविच सापडलं, त्यात मेयोनीज का नव्हतं? ज्यानं एकदा तरी सोसायटीची वार्षिक सभा (एजीएम) चालवलीय तो इथे खुर्चीवरून पडतो.

पहिल्या सीझनचे उरलेले दोन भाग सोडवत नसतील तर फक्त सहावा, 'रॉक शो', बघा. अँडीचं प्लास्टर निघतं आणि तो बँड घेऊन गातो, मालिका पुढे कुठे जाणार त्याची चुणूक त्यात आहे. नाहीतर आज रात्री सरळ पेंग्विनांचं लग्न लावा.