मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर फोन घेतला असेल, तर करार संपायच्या आत नवा फोन घेता येतो का?

येतो, पण उरलेले पैसे सहसा भरावे लागतात. आधी कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या: हँडसेटचे बाकी हप्ते आणि करार मुदतीआधी मोडण्याचं शुल्क. २४ पैकी १८ महिने झाले असतील तर ६ हप्ते उरतात. जुना फोन विकून तेवढे सुटत नसतील तर थांबलेलं बरं. नव्या फोनसोबत बहुतेक वेळा कराराची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात, हेही विचारून घ्या.

जुना फोन परत द्यायचा असेल तर बॅकअप, मग आयक्लाउड किंवा गूगल खातं काढणं, मग रीसेट, याच क्रमाने. खातं तसंच राहिलं तर फोन लॉक होऊन बसतो आणि घेणारा तो नाकारतो. हप्ते थकवून विकलात तर फोनचा आयएमईआय (त्याचा ओळख क्रमांक) ब्लॉक होऊ शकतो.